डीसीटी ४+ असलेल्या रुग्णेचा फिनोटाइप : तांबड्या पेशींवरची प्रतिपिंडे कशी काढावीत?

रक्तकेंद्र_तंत्रज्ञ

नमस्कार. मी जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका रक्तकेंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करते. सध्या आमच्याकडे ऑटोइम्यून हीमोलिटिक अॅनिमिया (शरीराची प्रतिपिंडे स्वतःच्याच तांबड्या पेशी नष्ट करतात असा रक्तक्षय) असलेल्या एका रुग्णेचे नमुने येत आहेत. वय चाळिशीच्या आत, दोन बाळंतपणे झालेली, आणि नातेवाइकांच्या सांगण्यानुसार तसेच उपलब्ध कागदपत्रांनुसार तिला यापूर्वी कधीही रक्त चढवलेले नाही. डीसीटी, म्हणजे तांबड्या पेशींवर प्रतिपिंडे बसली आहेत का हे पाहणारी डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, ४+ (सर्वांत जोरदार धन) आहे. मोनोस्पेसिफिक कार्डवर आयजीजी (प्रतिपिंडाचा एक प्रकार) ४+ आणि सी३डी (कॉम्प्लिमेंट या रक्तप्रथिनांचा अंश) ऋण आला. प्लाझ्मा पॅनलच्या (ज्ञात प्रतिजनांच्या तयार पेशींच्या संचाच्या) सर्व पेशींशी आणि तिच्या स्वतःच्या पेशींशी जवळपास सारख्याच ताकदीने प्रतिक्रिया देतो, त्यामुळे क्रॉसमॅचमध्ये एकही पिशवी सुसंगत येत नाही.

एबीओ गटाची अडचण आली नाही. आरएचची प्रतिजने आयजीएम मोनोक्लोनल अँटीसेऱ्याने (प्रतिजन ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रावणाने) तपासली आणि कंट्रोल ऋण राहिल्यामुळे ते निकालही ग्राह्य धरले. अडचण किड, डफी आणि एस-एस (मोठा एस व लहान एस) या प्रतिजनांची आहे, कारण आमच्याकडचे हे अँटीसेरे कूम्ब्स पद्धतीनेच, म्हणजे शेवटी पेशींवरचे आयजीजी ओळखणारा अँटी-आयजीजी घालूनच, चालतात, आणि पेशींवर आधीपासून आयजीजी बसलेले असल्याने प्रत्येक नळीत, कंट्रोलसकट, ४+ गुठळी दिसते. पेशी ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवून पाहिल्या. आयजीजीची ताकद २+ पर्यंत उतरली, परंतु वरचे सलाईन लालसर झाले आणि उरलेल्या पेशी तपासणीयोग्य वाटल्या नाहीत.

अशा नमुन्यासाठी जाणकारांनी कोणती पद्धत सुचवावी? प्रक्रिया केलेल्या पेशींवर एखादे प्रतिजन ऋण आले, तर ते खरोखर ऋण आहे की प्रक्रियेत नष्ट झाले, हे कसे ठरवायचे? आणि वॉर्डमधून रक्तासाठी सतत फोन येत असताना फिनोटाइपसाठी (पेशींवर कोणती प्रतिजने आहेत आणि कोणती नाहीत हे ठरवण्यासाठी) एवढा खटाटोप करणे योग्य आहे का, हेही विचारावेसे वाटते.

जुना_सेरॉलॉजिस्ट

मॅडम, आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण या विषयातला निम्मा गोंधळ तिच्यातूनच होतो. पेशींवरून प्रतिपिंड सोडवण्याची कामे दोन प्रकारची असतात. पहिल्यात आपल्याला प्रतिपिंड हवे असते, म्हणजे इल्युएट (पेशींवरून सोडवलेल्या प्रतिपिंडाचे द्रावण) तयार करून ते पॅनलवर लावायचे असते; तिथे पेशी फुटल्या, विरघळल्या, त्यांचे काहीही झाले तरी बिघडत नाही. ५६ अंशांवर १० मिनिटे तापवणे, गोठवून वितळवणे, ईथर किंवा झायलीनसारखी द्रावके वापरणे, आम्लाचे तयार किट वापरणे, या सगळ्या पद्धती त्या कामाच्या. दुसऱ्या प्रकारात आपल्याला पेशी हवी असते आणि प्रतिपिंड फेकून द्यायचे असते. तुमचे काम हे आहे. डागही जावा आणि कापडही विरू नये, अशी ही दुहेरी अट आहे, आणि ती पाळू शकणाऱ्या पद्धती मोजक्याच आहेत.

४५ अंशांची पद्धत त्यांतली सर्वांत सौम्य आहे आणि म्हणूनच सर्वांत दुबळी. उष्ण प्रकारची आयजीजी प्रतिपिंडे ३७ अंशांवर घट्ट बसतात. तापमान थोडेसे वाढवल्याने त्यांतली काही सुटतात, पण ४+ नमुना पूर्ण स्वच्छ होण्याची अपेक्षा बाळगू नये. वेळ वाढवला की पेशी फुटतात. शीत आयजीएम प्रतिपिंडांचा प्रश्न असता तर ३७ अंशांच्या सलाईनने धुण्याने काम भागले असते, परंतु तुमच्या रुग्णेची गोष्ट ती नाही.

माझी पसंती क्लोरोक्वीन डायफॉस्फेटला आहे. ही पद्धत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा मोठा गुण असा की, बहुतेक सर्व प्रतिजने, केल गटाचीसुद्धा, तिच्यातून शाबूत बाहेर पडतात. १०० मिलिलिटर सलाईनमध्ये २० ग्रॅम क्लोरोक्वीन डायफॉस्फेट विरघळवून त्याचा पीएच ५.१ वर आणावा. धुतलेल्या पॅक्ड पेशींचा एक भाग आणि द्रावणाचे चार भाग मिसळून सामान्य तापमानाला ३० मिनिटे ठेवावे. मग त्यातला थोडा भाग काढून, चार वेळा धुऊन, अँटी-आयजीजीने तपासावा. ऋण आला तर सगळ्या पेशी धुऊन घ्याव्यात. धन आला तर पुन्हा ३० मिनिटे, असे करत जास्तीत जास्त दोन तासांपर्यंत जावे. त्यापुढे जाऊ नये, आणि घाई म्हणून नळी ३७ अंशांवरही ठेवू नये, कारण दोन्ही प्रकारांत पेशी फुटतात आणि प्रतिजने, विशेषतः आरएचची, मंदावतात.

दोन सूचना. मलेरियासाठी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्या कुटून हे द्रावण बनवण्याचा मोह कोणी बाळगू नये. गोळीत औषधाखेरीज बांधणीचे पदार्थ असतात आणि तिच्यातून अभिकर्मक तयार होत नाही. शुद्ध रसायन मागवावे. दुसरे असे की, क्लोरोक्वीन कॉम्प्लिमेंटला हात लावत नाही. तुमच्या नमुन्यात सी३डी ऋण आहे ही चांगली गोष्ट. तरीही पुढच्या सर्व कूम्ब्स चाचण्यांत पॉलिस्पेसिफिक (आयजीजी आणि कॉम्प्लिमेंट दोन्ही ओळखणारा) अभिकर्मक न वापरता केवळ अँटी-आयजीजी वापरावा, म्हणजे ती शंका उरत नाही.

चार_वेळा_वॉश

सरांच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे, क्लोरोक्वीनच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. १+ किंवा २+ नमुना क्लोरोक्वीनने छान साफ होतो. ४+ नमुन्यात पुष्कळदा दोन तास उलटून गेल्यावरही अँटी-आयजीजी १+ येत राहते, आणि तोवर पेशीही थकलेल्या असतात. अशा नमुन्यासाठी मी सरळ ग्लायसिन-आम्ल आणि ईडीटीएची पद्धत घेतो, जिला आम्ही बेंचवर इजीए म्हणतो. तिला लागणारी रसायने कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत असतात आणि काम दोन मिनिटांत होते.

पीएच १.५ असलेल्या ०.१ मोलर ग्लायसिन-एचसीएलचे २० भाग आणि १० टक्के डायसोडियम ईडीटीएचे ५ भाग ऐनवेळी एकत्र करावेत. चांगल्या धुतलेल्या पॅक्ड पेशींचे १० भाग घेऊन त्यात या मिश्रणाचे २० भाग घालावेत, नीट हलवावे आणि सामान्य तापमानाला दोन मिनिटे ठेवावे. नंतर १ मोलर ट्रिस-सोडियम क्लोराइडचा एक भाग घालून लगेच सेंट्रिफ्यूज करावे, वरचा द्रव काढून टाकावा आणि पेशी सलाईनने किमान चार वेळा धुवाव्यात. या पद्धतीत चूक होते ती रसायनांत नव्हे, घड्याळात. ट्रिस भरलेले पिपेट हातात तयार ठेवूनच आम्ल घालावे. आम्ल घातल्यावर ट्रिसची बाटली शोधत बसले की नमुना गेलाच म्हणून समजावे. जास्त वेळ राहिलेल्या पेशी तपकिरी पडतात, एकमेकींना चिकटतात आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर त्यांचे बटण तळाला घट्ट बसून हलवूनही सुटत नाही. असे बटण दिसले तर त्यावर पुढे चाचणी करू नये. मिसळणेही व्यवस्थित हवे, नाहीतर पेशींच्या गोळ्याच्या आतल्या भागात आम्ल पोहोचतच नाही आणि आयजीजी तसेच राहते. पहिल्या फेरीनंतर अँटी-आयजीजी किंचित धन राहिले, तर आणखी एक फेरी करता येते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. इजीएने केल गटाची प्रतिजने नष्ट होतात. एचएलएशी संबंधित बीजी आणि क्वचित भेटणारी ईआर प्रतिजनेही जातात. म्हणजे इजीए केलेल्या पेशीवर केल ऋण आले, तर त्या निकालाला काहीही अर्थ नाही आणि तो नोंदवहीत लिहूच नये. केलसाठी आयजीएम मोनोक्लोनल अँटीसेरा मिळतो. तो प्रक्रिया न केलेल्या पेशींवर लावावा, जसे तुम्ही आरएचसाठी केलेच आहे. किड, डफी आणि एस-एस मात्र इजीएनंतर शाबूत राहतात.

शाबूत राहतात हे पुस्तकाने सांगितले म्हणून मानायचे नाही, तर त्याच दिवशी त्याच बाटलीतल्या अभिकर्मकाने दाखवून द्यायचे. त्यासाठी पॅनलमधली एखादी पेशी, जिच्यावर संबंधित प्रतिजन एकेरी मात्रेत आहे, म्हणजे किडसाठी ए आणि बी दोन्ही धन असलेली, रुग्णाच्या पेशींसोबतच त्याच प्रक्रियेतून काढावी. ती पेशी प्रक्रियेआधी आणि प्रक्रियेनंतर सारखीच धन आली, तर प्रतिजन टिकले असे समजावे. दुहेरी मात्रेची पेशी कंट्रोल म्हणून घेतल्यास थोडीफार झीज झालेली लक्षातच येत नाही. दुसरे कंट्रोल म्हणजे अँटीसेऱ्याऐवजी ६ टक्के अल्ब्युमिन घालून केलेली नळी. ती रुग्णाच्या प्रक्रिया केलेल्या पेशींसोबत, अँटीसेऱ्यासारखीच, कूम्ब्सच्या टप्प्यापर्यंत न्यावी. ही नळी धन आली तर उरलेल्या आयजीजीमुळे बाकीचे सर्व धन निकाल संशयित ठरतात. आणि ऋण आलेल्या प्रत्येक नळीत चेक सेल्स (अँटी-आयजीजी काम करत होता हे दाखवणाऱ्या, आयजीजी चढवलेल्या पेशी) घालायला विसरू नये.

डॉ_ट्रान्सफ्यूजन

तिसऱ्या प्रश्नाकडे थोडे लक्ष देतो, कारण तांत्रिक चर्चेत तो मागे पडेल.

रुग्णेचे हिमोग्लोबिन जिवाला धोका होण्याइतके खाली गेले असेल, छातीत दुखत असेल किंवा भान हरपत असेल, तर फिनोटाइप पूर्ण झाला नाही या कारणासाठी रक्त थांबवता येत नाही. एबीओ आणि आरएच सुसंगत पिशवी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, लेखी संमती घेऊन, थोड्या प्रमाणात आणि सावकाश द्यावी लागते. ऑटोअँटीबॉडी (स्वतःच्याच पेशींविरुद्धचे प्रतिपिंड) दात्याच्या पेशींनाही तशीच चिकटते, हे खरे. परंतु या रुग्णांत खरी भीती तिची नसते. भीती असते ती तिच्या आड लपलेल्या अॅलोअँटीबॉडीची (दुसऱ्या व्यक्तीच्या पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडाची). पूर्वी गर्भधारणा किंवा रक्तसंक्रमण झालेल्या उष्ण ऑटोअँटीबॉडीच्या रुग्णांत अशी अॅलोअँटीबॉडी आढळण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत १२ ते ४० टक्के सांगितलेले आहे. तुमच्या रुग्णेची दोन बाळंतपणे झाली आहेत, म्हणून हा मुद्दा तिला लागू होतो.

फिनोटाइपचा उपयोग इथे आहे. माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशीवर असलेल्या प्रतिजनाविरुद्ध सहसा अॅलोअँटीबॉडी तयार होत नाही, त्यामुळे रुग्णा किड-बी ऋण आहे असे कळले, तर अँटी-किड-बीचा शोध घ्यायला हवा, आणि ती किड-बी धन आहे असे कळले, तर ती काळजी सोडता येते. शक्य असल्यास तिला आरएच, केल, किड, डफी आणि एस-एस जुळणारी पिशवी देता येते. अॅड्सॉर्प्शन करताना (प्लाझ्मातली ऑटोअँटीबॉडी पेशींवर शोषून काढताना) फिनोटाइप माहीत असेल तर तीन प्रकारच्या पेशींऐवजी तिच्याशी जुळणाऱ्या एकाच पेशीवर काम भागते.

तिला गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेले नाही, म्हणून ऑटोअॅड्सॉर्प्शन, म्हणजे तिच्या स्वतःच्याच पेशींवर अॅड्सॉर्प्शन, करणे हा चांगला मार्ग आहे. त्यासाठीही पेशींवरची प्रतिपिंडे आधी काढावी लागतात, म्हणजे त्या जागा मोकळ्या होऊन प्लाझ्मातली ऑटोअँटीबॉडी शोषून घेतील. या कामासाठी डीटीटी (एक रसायन) आणि पॅपेन (एक एन्झाइम) यांचे मिश्रण, ज्याला झॅप म्हणतात आणि जे १९८२ मध्येच वापरात आले, फार उपयोगी आहे: ३७ अंशांवर अर्धा तास ठेवल्याने आयजीजी आणि कॉम्प्लिमेंट दोन्ही सुटतात आणि एन्झाइममुळे शोषणक्षमताही वाढते. मात्र तीच पेशी फिनोटाइपसाठी वापरू नये. झॅपमधला डीटीटी केलला मारतो आणि पॅपेन डफी, एम, एन व मोठा एस यांना. हातात काय उरते याचा विचार करा. म्हणून नमुना आला की पॅक्ड पेशींचे आधीच दोन वाटे करावेत, एक इजीए किंवा क्लोरोक्वीनसाठी आणि दुसरा झॅपसाठी. हिमोग्लोबिन ४ असलेल्या रुग्णाच्या नळीत पेशी मुळातच थोड्या असतात, तेव्हा वॉर्डला एक जादा ईडीटीए नळी मागून घेण्यात संकोच करू नये.

तीन महिन्यांत रक्त मिळालेल्या रुग्णात मात्र यातले काहीच लागू नाही, कारण नळीत दात्याच्याही पेशी असतात. तिथे फिनोटाइप दोघांचा मिळून येतो, आणि ऑटोअॅड्सॉर्प्शनमध्ये दात्याच्या पेशी नेमकी हवी असलेली अॅलोअँटीबॉडीच शोषून घेतात. अशा वेळी जीनोटाइपिंग (डीएनएवरून प्रतिजने ठरवणे) हा खात्रीचा पर्याय आहे; त्यासाठी पेशीवर काय चिकटले आहे याने फरक पडत नाही. आपल्याकडे मुंबईत परळला असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळेचा सल्ला घेता येतो.

एक गोष्ट जाता जाता. अशा रुग्णांत उठसूट इल्युएट करून पॅनल लावण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. रक्त न मिळालेल्या उष्ण ऑटोअँटीबॉडीच्या रुग्णाचे इल्युएट जवळपास नेहमी सर्व पेशींशी प्रतिक्रिया देते आणि नवी माहिती देत नाही. संक्रमणानंतर काही दिवसांनी हिमोग्लोबिन उतरू लागले आणि डीसीटी नव्याने धन आली, तर मात्र इल्युएट लगेच करावे. त्या टप्प्यावर अॅलोअँटीबॉडी सगळीच्या सगळी दात्याच्या पेशींवर बसलेली असू शकते आणि प्लाझ्मात तिचा मागमूसही नसतो.

रक्तकेंद्र_तंत्रज्ञ

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे क्लोरोक्वीन नव्हते, म्हणून इजीए केले. पहिल्या फेरीत आयजीजी अगदी मंद धन राहिले, दुसऱ्या फेरीनंतर पूर्ण ऋण झाले. किड-ए धन आणि किड-बी ऋण, डफी-ए धन आणि डफी-बी ऋण, मोठा एस ऋण आणि लहान एस धन असा निकाल आला. एकेरी मात्रेच्या कंट्रोल पेशी तिन्ही गटांत टिकल्या आणि अल्ब्युमिनची नळी ऋण राहिली. केल प्रक्रिया न केलेल्या पेशींवर आयजीएमने ऋण आहे. अॅड्सॉर्प्शनसाठी नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवत आहोत आणि त्यासोबत हा फिनोटाइपही देत आहोत.

याच विषयातला आणखी एक प्रश्न. एका नवजात बाळाची डीसीटी जेमतेम धन आहे. आई ओ, बाळ ए, आणि कावीळ पहिल्याच दिवशी दिसू लागली आहे. आईचा अँटीबॉडी स्क्रीन ऋण आहे. आम्लाचे किट संपले आहे. इल्युएट कसे करावे?

जुना_सेरॉलॉजिस्ट

चांगले काम झाले. किड-बी, डफी-बी आणि मोठा एस तिन्ही ऋण म्हटल्यावर त्या तीन प्रतिपिंडांचा शोध संदर्भ प्रयोगशाळेने घ्यायलाच हवा; तसे पत्रात स्पष्ट लिहावे.

बाळासाठी किटची वाट पाहू नका. एबीओच्या प्रतिपिंडांना गोठवून वितळवण्याची लुई पद्धत उत्तम आहे आणि तिला रसायनच लागत नाही. चांगल्या धुतलेल्या अर्धा मिलिलिटर पॅक्ड पेशी घ्या, त्यात सलाईनचे तीन थेंब घाला, बूच लावा आणि नळी आडवी फिरवून पेशींचा थर आतल्या भिंतीवर सगळीकडे पसरू द्या. नळी तशीच आडवी डीप फ्रीझरमध्ये १० मिनिटे ठेवा. मग नळाच्या कोमट पाण्याखाली धरून पटकन वितळवा आणि सेंट्रिफ्यूज करा. गोठताना झालेल्या बर्फाच्या स्फटिकांनी आणि क्षारांच्या वाढलेल्या तीव्रतेने पेशी फुटतात, आणि त्यासोबत प्रतिपिंड सुटते. वरचा गडद लाल द्रव म्हणजे तुमचे इल्युएट. ते ए-१, बी आणि ओ पेशींवर कूम्ब्सपर्यंत लावा. ए पेशी धन आणि ओ पेशी ऋण आल्या की अँटी-ए बाळाच्या पेशींवर होते हे ठरले. आईत अँटी-ए,बी असल्याने बी पेशीही धन येऊ शकतात, त्याने गोंधळू नये. द्रव लाल असल्यामुळे गुठळी पाहताना मात्र धुणे नीट करावे लागते.

फ्रीझरची सोय नसेल तर उष्णतेने करा. लँडस्टायनर आणि मिलर यांनी १९२५ मध्ये दाखवलेली ही पद्धत एबीओसाठी आजही चालते: सम प्रमाणात सलाईन घालून ५६ अंशांवर १० मिनिटे, मधूनमधून हलवत, आणि तापलेल्या बादलीतच किंवा ताबडतोब सेंट्रिफ्यूज करून गरम असतानाच वरचा द्रव काढायचा. नळी थंड होऊ दिली की सुटलेले प्रतिपिंड परत पेशींच्या अवशेषांवर जाऊन बसते. अँटी-डी किंवा किडसारख्या आयजीजीसाठी या दोन्ही पद्धतींवर विसंबू नये; तिथे आम्लाचे किटच हवे. ईथर जुन्या प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाई आणि त्याचे इल्युएट जोरदार येई, परंतु त्याच्या ज्वलनशीलतेमुळे ते आता वापरात नाही, आणि ते योग्यच आहे.

कोणतीही पद्धत घेतली तरी शेवटच्या धुण्याचे सलाईन राखून ठेवा आणि इल्युएटसोबत त्याच पेशींवर, त्याच टप्प्यांतून तपासा. मुंबईत १९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या बॉम्बे गटाची (ज्यात पेशींवर एच प्रतिजनच नसते) छाननी ज्यांनी केली आहे त्यांना हे चांगले ठाऊक असते: खरा बॉम्बे की पॅरा-बॉम्बे (ज्यात ही प्रतिजने अगदी थोडी असतात), हे अॅड्सॉर्प्शन-इल्यूशनने ठरवताना इल्युएटमध्ये दिसलेली मंद अँटी-एच पेशीवरून सुटलेली आहे की नीट न धुतल्याने मागे राहिलेली आहे, याचा निवाडा तेवढे एक कंट्रोलच करते. शेवटचे धुणे धन आले तर ते इल्युएट टाकून द्यावे, पेशी उरल्या असतील तर त्या गार सलाईनने पुन्हा धुऊन नव्याने सुरुवात करावी, आणि उरल्या नसतील तर बाळाचा दुसरा नमुना मागवावा.